टेबलावरची चकती

गिअरबॉक्सचा शेवटचा बोल्ट आवळून झाला आणि ताईला टेबलावर एक चकती दिसली. कागदाइतकी पातळ, मधे भोक असलेली.

"ही कुठली?" तिने विचारलं.

धाकट्या भावाने मान वर केली. उद्याच्या डोंगररस्त्याच्या शर्यतीत गाडी तोच चालवणार होता. त्यासाठीच दोघांनी गाडीचे मूळचे गिअर काढून दुसऱ्या कारखान्यातला नवा सेट बसवला होता, जाड आणि सरळ दातांचा, जास्त ताकद सोसणारा.

"जुन्यातली असेल," तो म्हणाला.

"जुन्या चकत्या त्या ताटलीत होत्या, नव्या या ताटलीत. आता ताटली एकच कशी?"

"तू जेवायला गेलीस तेव्हा मी टेबल आवरलं. पुसून सगळ्या एकाच ताटलीत ठेवल्या."

"जन्मात कधी स्वतःची खोली आवरली नाहीस, आणि आज टेबल."

"तुला सोपं पडावं म्हणून गं."

तिने चकती मोजली. त्या जाडीची एक जुन्या सेटमध्ये होती, एक नव्यातही लागणार होती. तिने गिअरचा वरचा दांडा, शाफ्ट, बाहेर आलेल्या टोकाला धरून हलवून पाहिला. तो ठीक होता. खालचा शाफ्ट पूर्ण बंद पेटीत होता. तिथे ना बोट पोचत होतं ना नजर. तिथलीच चकती राहिली असेल तर शाफ्ट आत पुढेमागे सरकत राहणार आणि कुठल्यातरी वळणावर गिअर सुटणार.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

"पाचला गाड्यांची तपासणी बंद होते," तो म्हणाला. "आता उघडलं तर उद्या आपण नाही."

"हो."

"जुनीच असेल याचा अंदाज तर सांग. ऐंशी टक्के? नव्वद?"

"गणितात काठावर पास होणाऱ्याला टक्के सांगून काय उपयोग?"

तो हसला नाही.

"गाडीत तू बसणार आहेस," ती शांतपणे म्हणाली. "मी नाही. तू सांग."

त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बंद पेटीकडे. मग त्याने पाना उचलला आणि ताईने नुकताच आवळलेला बोल्ट सैल केला. दुसरा तिने सैल केला.

पेटी उघडली तेव्हा खालच्या शाफ्टवरची चकती जागच्या जागी होती. टेबलावरची जुनीच निघाली.

"बघ," तो हळूच म्हणाला. "उगाच उघडली."

"उगाच हे आता कळलं. मघाशी कुठे माहीत होतं?"

तो स्टुलावर बसला. बाहेरून एक गाडी तपासणीच्या दिशेने गेली. मग तो उठला आणि हात धुऊन आला.

"बंद करताना या वेळी मी मोजू?"

तिने मोजायचं यंत्र त्याच्या पुढ्यात सरकवलं. "मोज. मोठ्याने सांग."

तो एकेक चकती मोजत गेला. दोनदा चुकला, पुन्हा मोजली. ते सगळे आकडे ताईला सकाळपासून पाठ होते. तरी तो सांगेल तो प्रत्येक आकडा ती, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी, कोऱ्या कागदावर उतरवत राहिली.