पाटावरचा फोन

"हळद-कुंकू लावल्याशिवाय नवी वस्तू वापरायची नाही," म्हणत विमलताईंनी लेकाचा नवा घडीचा फोन पाटावर मांडला. अक्षतांसाठी सकाळीच बसून तांदूळ निवडले होते. तुटका दाणा त्यांना देवाच्या पूजेला चालत नसे आणि नव्या मिक्सरच्या पूजेलाही नाही.

"आई, जपून. पावणेदोन लाखांचा आहे," ऋत्विज म्हणाला. मग स्वतःच ऐटीत म्हणाला, "तसं दोन लाख वेळा उघडला-मिटला तरी काही होत नाही म्हणा. दुकानदारानेच सांगितलंय."

फोन पोथीसारखा उघडा पडला होता. विमलताईंनी कडेला कुंकवाचं बोट लावलं, वर चिमूटभर अक्षता टाकल्या, ओवाळलं. आणि ऋत्विज "अगं, थांब!" म्हणेपर्यंत, वाचून झालेली पोथी मिटावी तसा दोन्ही हातांनी मिटून कपाळाला लावला.

कट्कन आवाज झाला.

ऋत्विजने झडप घालून फोन उघडला. मधोमध काळा डाग उमटला होता आणि बघता बघता तो अर्ध्या स्क्रीनवर पसरला. ऋत्विज बोटाने स्क्रीन दाबत राहिला.

"अरे, पण फ्रीजवरही मीच टाकल्या होत्या अक्षता," विमलताई म्हणाल्या. "एकवीस वर्षं झाली, चालतोय."

फोनच्या घडीत एक दाणा अडकला होता. नखाने त्यांनी तो काढला, चष्म्याजवळ नेऊन निरखला.

दाण्याचा साधा टवकाही उडाला नव्हता.