रफ्काचं बदक

"हे बदक माझ्या आजीचं आहे," फेब्रोनिया म्हणाली. "खालची पाटी बदला."

डॉक्टर वीसा यांनी चष्मा पुसला. कैरोच्या म्युझियममधली जुनी कापडं त्यांच्या ताब्यात होती. काचेत लिननचा हातभर तुकडा, त्यावर लोकरीनं विणलेलं हिरवं बदक. पाटीवर उकरून काढणाऱ्याचं नाव, दान देणाऱ्याचं नाव आणि शेवटी 'विणकर अज्ञात'.

विणणारीचंच तेवढं नाव कुणाला नको, यानंच फेब्रोनियाचं डोकं फिरलं होतं.

"बाई, कापड पाचव्या शतकातलं आहे. थडग्यातून निघालंय."

"कोण म्हणतं, विकणारा? आजी आमच्या गावी, अख्मीमला, मागावर बसायची. व्यापारी तिची बदकं शेणात पुरायचा आणि जुनी म्हणून साहेबांना विकायचा. मरेपर्यंत सांगायची, माझं बदक कैरोला काचेत बसलंय."

"पुरावा?"

"बदकाच्या पोटामागं बघा. आमच्या घरातली पोरगी पहिलं बदक विणते, तेव्हा आपला केस लोकरीत पिळून घालते. आई फक्त मुलीला शिकवते. सुनेलाही सांगत नाही."

"सुनेनं काय पाप केलं?"

"माहेरी जाऊन बोलली तर?"

वीसांना हसू आलं. तरी त्यांनी तुकडा काढला, मागचं अस्तर सोडवलं, भिंग धरलं. हसू तिथंच थिजलं. लोकरीच्या पिळात एक लांब काळा केस होता.

फेब्रोनियानं पाटीवर बोट ठेवलं. "रफ्का. आजीचं नाव रफ्का. लिहा."

"आधी तपासणी, बाई."

चार महिने अख्मीममध्ये दुसरा विषय नव्हता. विहिणीनं टोमणाही मारला, "आता आमची कापडं तुम्हाला पोती वाटणार." बोलावणं आलं तशी फेब्रोनियानं उन्हात पीठ फुगवून भाजलेल्या भाकऱ्या टोपलीत बांधल्या आणि पहिली गाडी धरली.

वीसा दारातच उभे होते. हातात कागद.

"पाटीवर रफ्काचं नाव लागणार नाही," ते म्हणाले. "हे तुमच्या आजीनं विणलेलं नाही."

फेब्रोनियानं टोपली धाडकन खाली ठेवली. "मग केस? तो आमच्याच घरातल्या बाईचा आहे, डॉक्टर. दुसऱ्या कुणाला ही गोष्ट ठाऊकच नाही."

"तेच तर." वीसांनी कागद तिच्यापुढं धरला. "कापडाबरोबर केसही तपासला. तो पंधराशे वर्षांपूर्वीचा आहे."