खचणारी जागा

औशाजवळ नवा महामार्ग एकाच जागी तिसऱ्यांदा खचला. दुष्काळानं विहिरी कोरड्या पडलेल्या, त्यामुळे पाणी मुरलं म्हणायचीही सोय नव्हती. गुरुपादप्पा दर वेळी येऊन तेच सांगायचे, "साहेब, हितं माझं वावर होतं. माझ्या बायकोला हितंच माती दिलीय. आधी तिला काढू द्या."

"नकाशात तसं काही नाही, आप्पा," असं म्हणून रस्त्याचे साहेब वर पुन्हा डांबर ओतायला लावायचे.

या खेपेला तपासणीवाले आले. त्यांनी रस्त्याकडेनं लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायरींनी मशीन जोडलं आणि जमिनीत वीज सोडली. संध्याकाळी साहेब खुशीत म्हणाले, "आप्पा, सापडलं. खाली माणूसभर खोल माती भुसभुशीत आहे. मशीन खोटं बोलत नाही. उद्या खोदतो."

'मग मी काय खोटं बोलत होतो?' हे गुरुपादप्पांच्या अगदी ओठांवर आलं. पण उद्या बायको बाहेर येणार होती. ते एवढंच म्हणाले, "पहार जपून मारा, साहेब. आमच्यात बसवून माती देतात. तिचं डोकं आधी लागंल."