पाडाव केलेलं जहाज

बाबा गेल्यानंतर महिन्याभरानं, १९८४च्या मार्चमध्ये, त्यांचे मॅनेजर मिस्टर हार्लन अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या घरी भेटायला आले. "डीनसारखा व्यवस्थित माणूस नाही," ते म्हणाले. "अठरा वर्षांत फाइलिंगमध्ये एक चूक नाही."

डीन म्हणजे माझे बाबा, दिनकर पोतनीस. शिक्षणानं जहाजबांधणीचे इंजिनिअर.

आई हार्लनच्या तोंडाकडे बघत बसली होती. तिचं इंग्रजी दुकानापुरतं.

टीव्हीवर ठेवलेलं लाकडी जहाज हार्लनना दिसलं. "हे डीननं केलंय? काय सुंदर आहे! कुठलं हे?"

"मूळचं डच. लढाऊ. इंग्रजांनी ते पाडाव केलं," मी सांगितलं.

"मग त्याचं काय केलं?"

"नाव उच्चारता येईना म्हणून बदललं. तोफा उतरवल्या, धक्क्याला बांधलं आणि आत कोठार केलं. पुन्हा समुद्रावर नेलंच नाही. तिथेच कुजलं."

हार्लन मनापासून हळहळले. "इतकं उत्तम जहाज! त्याचा उपयोग करून घ्यायची अक्कल एकालाही नव्हती?"

"नव्हती."

"काय मूर्ख लोक असतात!" त्यांनी आणखी एक बिस्किट उचललं.

आईनं मला हळूच ढोसलं. "काय म्हणतायत गं? ह्यांच्याविषयी बोलले का काही?"

"हो. म्हणतायत, इतका हुशार माणूस आम्ही फुकट घालवला."

आईचे डोळे भरून आले. "थँक यू," ती हार्लनना म्हणाली.