एक ओळ तरी लिहा

आमच्या यांनी इमारतीची विकी सुरू केली. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट. पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, लिफ्ट अडकली तर काय करायचं, असलं सगळं त्यात. लिफ्टमध्ये कागद चिकटवला, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "एक ओळ तरी लिहा हो." लोक "हो, हो" म्हणायचे आणि अडलं की यांनाच फोन करायचे. दोन वर्षांत बेचाळीस घरांतून एक अक्षर आलं नाही. हे मलाही म्हणायचे, "तू तरी लिही गं." मी म्हणायचे, "मला नका त्या भानगडीत ओढू."

गेल्या मंगळवारी हे झोपेतच गेले. सगळी इमारत पोचवायला आली होती. शनिवारी मी यांचा फोन बंद करून कपाटात ठेवला.

आज दुपारी माझा फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका होती.

"काकू, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा हो?"

"डावीकडे." दोन वर्षं कानावर पडून पाठ झालं होतं. "माझा नंबर कुणी दिला?"

"विकीवर आहे ना, काकू."

फोन ठेवून मी विकी उघडली. 'अडचण आल्यास' या पानावर यांचं नाव काढून तिथे माझं नाव आणि माझा नंबर टाकला होता.



दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी एक ओळ लिहिली होती.