मोकळा तुरा

"वरच्या बांधावरची एक फांदी आण," लेलंड अंथरुणातूनच म्हणाला. "इतके दिवस धुकं हललेलं नाही. आता काय ते कळेल."

कॉरिन मान हलवून बाहेर पडली. वरच्या बांधावर त्याचं एकही झाड उरलं नव्हतं.

लेलंड, तिचा बाप, बावीस वर्षं गांजाचं एकच वाण घडवत होता. तुरा विरळ, फुलाफुलांतून वारा खेळेल असा. मॅटोल नदीच्या खोऱ्यात समुद्राचं धुकं चढलं की गच्च तुरे आतून कुजायचे. आपले कुजू नयेत, एवढाच त्याचा ध्यास. पण गिऱ्हाइकाला हवा दगडासारखा घट्ट तुरा. "हा काय, झिजलेला झाडू?" म्हणत व्यापारी परत फिरायचे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी लेलंडने अंथरूण धरलं, तेव्हा कॉरिनने ती झाडं उपटून गोदामामागच्या ढिगावर टाकली आणि गच्च तुऱ्यांची लावली. बापाला सांगितलं नाही. यंदा तिचं सगळं पीक आतून तपकिरी पडलं होतं.

खोऱ्यात विरळ तुरे एकाच कुंपणाआड दिसत होते. शेजारच्या व्हर्जिल हॅस्केटच्या. त्याच्या नर झाडांचे पराग उडून लेलंडच्या अख्ख्या पिकात बी धरलं होतं आणि ते मातीमोल झालं होतं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"डॅडसाठी एक फांदी हवी होती," कॉरिन म्हणाली. "तुमची आहे हे सांगणार नाही मी त्याला."

"नकोच सांगू. माझं नाव ऐकलं तर म्हातारा उठून मारायला येईल."

व्हर्जिलने स्वतः निवडून फांदी कापली.

लेलंडने तुरा अंगठ्याने उकलला. आतला देठ हिरवागार होता. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"एक ठिपका नाही, पोरी. जमलं."

"तुझंच आहे, डॅड."

"मग काय हॅस्केटचं? त्या गाढवाला सात जन्मांत जमणार नाही."

कॉरिन हसली आणि खिडकीबाहेर बघू लागली. नुसत्या वासावरून झाड ओळखणारा माणूस. आता त्याला आपलं-परकंही कळेना.

त्याच आठवड्यात लेलंड गेला. दफन झाल्यावर कॉरिन घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन व्हर्जिलकडे गेली.

"तुमच्या झाडामुळे तो समाधानाने गेला," ती म्हणाली.

व्हर्जिलने ताटली कठड्यावर ठेवली.

"माझं कुठलं? त्याचंच आहे ते. तू झाडं उपटलीस ना, त्याच संध्याकाळी फोन आला त्याचा. इतक्या वर्षांनी, आणि सुरुवात शिवीनेच. म्हणाला, खिडकीतून माझ्या उपटलेल्या झाडांचा वास येतोय, गोदामामागच्या ढिगातल्या फांद्या सुकायच्या आत उचलून रुजव. आणि पोरीला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल."