एका म्यानात

"ही फेकून दे म्हणणाऱ्यांनी नीट हातात तरी घेतली होती का?" को काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. चीनच्या किनाऱ्यावरच्या च्वानचौ शहरात जुन्या तलवारी ओळखणारे आता ते एकटेच उरले होते.

"घेतली होती की!" सिउलान फणकारली. "मुठीची एक बाजू सपाट. हात राखायची आडवी पट्टी एकाच अंगाला. लोहाराकडून चुकली, म्हणाले सगळे. तुम्हीही तेच सांगा, म्हणजे आज ही दादाच्या तोंडावर फेकते."

दादा दुपारच्या बसनं येणार होता. तैवानहून, चाळीस वर्षांनी; इतकी वर्षं तिकडून ये-जाच बंद होती.

तो बोटीत बसला तेव्हा सिउलान लहान होती. बाबांनी त्याच्या पाठीला झळझळीत तलवार बांधली आणि तिच्या हातात ही दिली, ढगळ म्यानासकट. "दादा येईपर्यंत सांभाळ," एवढंच बोलले. पुढे ते वारले. जुन्या वस्तू जप्त करायला घरोघर झडत्या झाल्या, तेव्हा तिनं ही डुकरांच्या गोठ्यात पुरली. म्यानात खडखड वाजते म्हणून आईच्या जुन्या जाकिटाची चिंधी कोंबली. चांगली लेकाला आणि चुकलेली लेकीला, हे मात्र मनातून कधी गेलं नाही. फार लागलं होतं तिला ते.

काकांनी चिंधी उपसली आणि म्यानाच्या तोंडात दोन बोटं घातली.

"वेडे, हे म्यान दोघींचं आहे. सपाट बाजूला सपाट बाजू लागली की बाहेरून एकच तलवार दिसते. जोडी आहे ही. दुसरी कुठाय?"

 सिउलान तलवार तिथेच टाकून स्टँडकडे पळत सुटली.

दादा वाकला होता. दात गेले होते. स्टँडबाहेरच्या टपरीवर तिनं त्याला शेंगदाण्याचं सूप पाजलं. 

"कस्टमवाल्यांनी तलवार आणू दिली नाही गं," वाटी खाली ठेवत तो म्हणाला. "आणून तरी काय? अर्धवटच ती, एका बाजूनं चपटी. वर म्यानही नाही. बाबांनी चांगली तुझ्यासाठी ठेवली, म्हणून इतकी वर्षं मनात राग धरला मी. म्हातारा झालो, तरी जात नाही."

सिउलाननं डोळे पुसले.

"म्यानातली चिंधी काढलीय रे दादा. पुढच्या खेपेला घेऊन ये तिला."